होती तशी

अभिनंदन चौगुले पुण्यात नेमकं काय काम करतो, हे मिरजेतल्या नातेवाइकांपैकी कुणालाच धड सांगता येत नसे. मामा दर लग्नात विचारत, "कॉम्प्युटर बनवतोस का दुरुस्त करतोस?" तो सांगे, "दोन्ही नाही, मामा. माणसं प्रोग्राम लिहितात. तो यंत्राच्या भाषेत उतरवणारा दुसरा एक प्रोग्राम असतो, त्याला कंपायलर म्हणतात. तो उतरवताना कुठं चुकतो का, ते मी तपासतो." मामा गंभीरपणे मान हलवत आणि शेजारच्या पाहुण्याला सांगत, "भाचा आमचा. कॉम्प्युटर दुरुस्त करतो."

त्याच्या मोठ्या बहिणीला, त्रिशलाताईला, मात्र ते पहिल्या फटक्यात कळलं होतं. ती गणिताची शिक्षिका. तीन वर्षांपूर्वी आईला पक्षाघात झाला, उजवं अंग आणि वाचा दोन्ही गेली, तेव्हा ताईनं बिनपगारी रजा घेतली आणि आईची कूस बदलत राहणं हे तिचं काम झालं. एकाच अंगावर पडून राहिलं की कातडी दबते, तिथं रक्त पोचत नाही आणि जखम होते. ती जखम सहजी भरत नाही. म्हणून दर दोन तासांनी, दिवसा आणि रात्री, ताई उठायची. आईचं डोकं शाबूत होतं. मधेच अवघडली तर ती डाव्या हातातली पाटली कॉटच्या लोखंडी कठड्यावर वाजवायची, आणि ताई हातातलं काम टाकून यायची.

अभिनंदन सणावाराला येई. फळं आणी, आईचे पाय चेपी, चार दिवस राहून परत जाई. जाताना एक विचार त्याच्या मनात हमखास डोकावे. ताई एवढी मरमर राबते, पण मागच्या खेपेला आई जशी होती तशीच आहे. फरक तर काहीच नाही. हे त्यानं कधी बोलून दाखवलं नाही, आणि आपण बोललो नाही याचंच त्याला कौतुक वाटे.

'कूस' नावाची गादी त्यानंच आणली. गादीच्या पोटात हवेच्या पिशव्या होत्या. डावीकडच्या फुगत, तशाच थांबत, रिकाम्या होत, मग उजवीकडच्या फुगत. हे सगळं इतकं सावकाश, की झोपलेल्या माणसाची झोप मोडू नये आणि बघणाऱ्यालाही काही हलल्यासारखं दिसू नये. एकदा वळवून झालं की मोबाईलवर आकडा एकानं वाढे आणि हिरवा दिवा लागे. गादीतला प्रोग्राम आपल्याच कंपनीच्या कंपायलरनं उतरवलेला आहे, हे त्यानं ताईला जरा छाती फुगवूनच सांगितलं.

"म्हणजे तूच वळवल्यासारखं झालं की," ताई म्हणाली.

"तसंच समज."

पहिले काही दिवस ताई कॉटशी उभी राहून, आईच्या पाठीखाली तळहात सरकवून बघायची. पिशवी फुगलेली हाताला लागे. मग तिचा विश्वास बसला. जूनमध्ये ती म्हैसाळच्या शाळेत पुन्हा रुजू झाली; दुपारी शेजारीण येऊन आईला खाऊपिऊ घालून जाई. पहिल्या दिवशी तिनं खडू हातात धरलेला फोटो भावाला पाठवला. तीन वर्षांत तिनं स्वतःचा पाठवलेला तो पहिलाच फोटो होता.

त्याच वर्षी अभिनंदनच्या ऑफिसात कंपायलरला जोडायचं एक नवं अंग, 'लाघव', तयार झालं.

प्रोग्रामच्या ज्या भागात तेच काम पुन्हा पुन्हा करायचं असतं, त्याला लूप म्हणतात. यंत्राचा बराचसा वेळ आणि वीज या लूपमध्येच जाते, म्हणून कंपायलर प्रोग्राम उतरवताना लूपमधला फाफटपसारा काढून टाकतो. दहा पाहुण्यांचा चहा करताना दर कपाला साखरेचा डबा फडताळातून काढायचा आणि परत ठेवायचा, हा वेडेपणा झाला. डबा एकदाच काढावा. एवढी अक्कल जुन्या कंपायलरनाही होती. लाघव तिच्या पुढं गेलं. एखादा लूप सुरू होण्याआधी सगळं जसं होतं, अगदी तसंच तो संपल्यावर असेल, तर ते लाघव गणितानं सिद्ध करून दाखवायचं आणि तो लूप अख्खाच्या अख्खा गाळायचं. एक पायरी चढून तीच उतरायची असेल, तर जिन्यापाशी जायचंच कशाला?

जुन्या कंपायलरना एक धाक होता. बाहेरच्या वस्तूंना दिलेल्या हुकमांना, म्हणजे झडप उघड, दिवा लाव, हवा भर यांना, हात लावायचा नाही. ऑफिसात या हुकमांना 'सोवळ्यातले' म्हणत. लाघवनं ते सोवळं मोडलं. उपकरण बनवणाऱ्यानं ज्या हुकमांवर मुद्दाम शिक्का मारला असेल तेवढे सोडायचे, बाकीचे पारखून घ्यायचे. बॅटरीवर चालणाऱ्या उपकरणांची वीज त्यामुळे इतकी वाचली की कंपन्या दारात उभ्या राहिल्या.

लाघव तपासायची पद्धत साधी होती. एकच प्रोग्राम दोनदा उतरवायचा, एकदा लाघवशिवाय आणि एकदा लाघवसकट. दोन्ही चालवून बघायचे. उत्तरात फरक दिसला की पडद्यावर लाल ओळ येई. मग माणसानं ठरवायचं, लाघव चुकलंय की हा फरक चालण्यासारखा आहे. चालण्यासारखा असेल तर एक बटण दाबायचं. त्याचा अर्थ, यापुढं हेच उत्तर बरोबर. या बटणाला ऑफिसात 'तीर्थ देणं' म्हणत. तीर्थ दिलं की लाल ओळ हिरवी होई आणि पुन्हा कुणाच्या डोळ्यांवर येत नसे. अभिनंदन कुणालाही सहज तीर्थ देत नाही असा त्याचा लौकिक होता, आणि त्याचं स्वतःचं मतही फारसं वेगळं नव्हतं.

दिवाळीनंतर लाघवची नवी आवृत्ती बाहेर पडायची होती. ती बाहेर पडली की तिनं उतरवलेले प्रोग्राम मोबाईलवरून घरोघरच्या उपकरणांत आपोआप जाणार होते. त्या दिवशी सकाळी पडद्यावर थोड्या लाल ओळी उरल्या होत्या. त्यातली एक 'कूस'ची होती. खालच्या मजल्यावर चाचणीसाठी एक खरी गादी ठेवलेली होती, तिच्यावर गव्हाचं पोतं आणि पोत्याखाली दाब मोजणारी वायर. लाघवशिवाय दाबाची रेघ वरखाली होत होती. लाघवसकट ती सरळ होती. सुरुवात तीच, शेवट तोच, आणि मधे काहीच नाही.

अभिनंदननं ती रेघ पाहिली. नुसती नजर गेली असं नाही, थांबून पाहिली. त्या वायरचा सांधा मागं एकदोनदा सैल झाला होता. वायरच असणार, असं त्याला वाटलं. खात्री करायची तर खाली जायचं, सांधा घट्ट करायचा आणि गादीची पुरी फेरी होईपर्यंत पोत्याशेजारी बसून राहायचं.

"अभिनंदन, तुझ्यापाशी अडलंय का काही?" सबनीस मॅडमनी विचारलं. त्या त्याच्या वरिष्ठ. आवाजात राग नव्हता. असता तर कदाचित तो खाली गेला असता.

"नाही मॅडम," तो म्हणाला. त्यानं तीर्थ दिलं आणि सगळे जेवायला गेले.

नंतर लवकरच ताईचा फोन आला. "अभि, आई हल्ली सारखी कठडा वाजवतेय रे."

"मोबाईलवर आकडा वाढतोय ना?"

"वाढतोय की. आत्ताच वळवलंय म्हणून सांगतंय."

"मग सवय आहे, ताई. तीन वर्षांची सवय. जाईल आपोआप."

ताई हसली. "तुझी गादी आली नि माझी किंमत कमी झाली, असं होऊ नये म्हणून बोलवत असेल मला." मागे टकटक ऐकू येत होती. "आई, हे बघ, झालंय वळवून," ताई म्हणाली, आणि मोबाईल आईला दाखवला असावा, कारण टकटक थोडा वेळ थांबली.

पुढच्या फोनला ती हसली नाही. आईच्या माकडहाडावर लाल चट्टा दिसत होता. अभिनंदन म्हणाला, उकाड्यानं असेल, पावडर लाव. मिरजेत तेव्हा उकाडा नव्हता, आणि हे त्यालाही ठाऊक होतं.

तिसऱ्या फोननंतर तो निघाला. रविवारी सकाळी घरी पोचला तेव्हा डॉक्टर शिरगुप्पे आईच्या पाठीवरची पट्टी काढत होते. खोलीत वास होता. मामा दाराशी रुमाल नाकाला लावून उभे होते. जखम वाटीएवढी होती, आणि तिचा तळ काळपट होता.

"हे मेलेलं मांस काढावं लागेल," डॉक्टर म्हणाले. "उद्या दुपारी दवाखान्यात आणा, तोवर दर दोन तासांनी हातानं वळवत राहा. विष रक्तात उतरलं तर या वयात मी काही सांगू शकत नाही." मग ताईकडं वळून म्हणाले, "बाई, तीन वर्षांत एक ओरखडा नव्हता यांच्या पाठीवर. वळवायचं बंद केलंत का?"

"गादी वळवते, डॉक्टर."

"गादीवर टाकून तुम्ही शाळेत जाता?"

"नोकरीची एवढी कसली घाई झाली होती, त्रिशला?" मामा दारातून म्हणाले.

आईला आधार द्यायला म्हणून अभिनंदननं गादीच्या कडेखाली हात घातला होता. त्याच्या तळव्यावर हवेची पिशवी होती, मऊ आणि रिकामी. तेवढ्यात ताईच्या हातातला मोबाईल थरथरला. हिरवा दिवा. आकडा एकानं वाढला. त्याच्या तळव्यावर काहीही हललं नव्हतं.

त्याला सगळं एका क्षणात कळलं. डावीकडं हवा भर, थांब, सोड, उजवीकडं भर, थांब, सोड. शेवटी सगळ्या पिशव्या रिकाम्या, सुरुवातीला होत्या तशा. लाघवनं सिद्ध केलं होतं की या लूपमध्ये काही घडत नाही, आणि तो गाळला होता. आकडा तेवढा दर फेरीला वाढत होता, शेवटी तो पहिल्यासारखा राहत नव्हता, म्हणून आकडा ठेवला होता. आई पंधरवडाभर एकाच जागी दबून पडली होती आणि मोबाईल तिच्या फेऱ्या मोजत होता. ती सरळ रेघ त्याच्या डोळ्यांपुढं आली.

"चूक माझीच झाली," ताई डॉक्टरांना म्हणाली. "मी स्वतः बघायला हवं होतं. सोडते मी शाळा."

अभिनंदननं हात गादीखालून काढून घेतला. तोंड उघडायला अशी वेळ पुन्हा मिळणार नव्हती. डॉक्टर समोर होते, मामा समोर होते, आणि ज्या बाईला सगळे बोल लावत होते ती त्याची बहीण होती. डॉक्टरांची बॅग उचलून तो त्यांना गाडीपर्यंत पोचवायला गेला. घरात ताई मुख्याध्यापकांना फोन लावत होती.

गच्चीवर जाऊन त्यानं सबनीस मॅडमना फोन केला. ते सोपं गेलं.

"त्यांनी हुकमांवर शिक्का मारायला हवा होता," सगळं ऐकून त्या म्हणाल्या. "लाघव नियमाप्रमाणंच वागलं."

"हो."

"आणि तीर्थ कुणी दिलं?"

"मी."

"आवृत्ती आजच मागं घेऊ. गादीवाल्यांना मी कळवते. तू अहवाल लिही."

त्यानं तिथंच बसून अहवाल लिहिला. काय झालं, का झालं, ते कुठल्या चाचणीत दिसलं होतं आणि कुणी पास केलं. स्वतःचं नावही लिहिलं. लिहून झाल्यावर वाचला तर अहवाल चांगला उतरला होता, मुद्देसूद आणि स्वच्छ. तो चांगला उतरला याचीच त्याला लाज वाटली. पुण्याला खरं सांगायला त्याला घटकाभरच वेळ लागला होता, आणि जिना उतरून स्वयंपाकघरात जायला पाय उचलत नव्हते.

चौगुल्यांच्या घरी, जैन रिवाजाप्रमाणं, दिवस मावळायच्या आत जेवायची रीत. ताईनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. ती ताट घेऊन बसली तेवढ्यात गादीच्या कंपनीचा निरोप आला, तसा तो कूस घेतलेल्या प्रत्येक घरी गेला असणार. तांत्रिक बिघाडामुळे गादी वळत नसण्याची शक्यता आहे, रुग्णाला ताबडतोब हातानं वळवावे. इतक्या घरांतून एकही तक्रार आली नव्हती. सगळीकडं आकडा वाढत होता.

ताईनं निरोप दोनदा वाचला. तिचा चेहरा सैल पडला. "म्हणजे गादीच बिघडली होती. मी नव्हे." मग तिनं वर बघितलं. "अभि, तुमच्या कंपायलरचा ह्यात काही संबंध नाही ना?"

नाही म्हणणं शक्य होतं. निरोपात कुणाचंच नाव नव्हतं.

"आहे," तो म्हणाला. "गादी वळवायचा लूप फुकाचा आहे, असं आमच्या लाघवनं सिद्ध केलं आणि तो गाळला. ती गादी मीच तपासली होती. ती वळत नाही असं पडद्यावर दिसत होतं. मी म्हटलं, वायर सैल असेल. आणि पास केली."

"बघून?"

"बघून."

"आई कठडा वाजवतेय म्हणून मी सांगितलं, तेव्हा?"

"तेव्हा ते माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही, ताई. मी आकडा विचारला."

"आणि आज सकाळी? डॉक्टर मला बोलत होते तेव्हा?"

याच प्रश्नाला तो दिवसभर भीत होता. "तेव्हा कळलं होतं," तो म्हणाला.

ताईनं हातातला घास ताटात ठेवला. ती रडली नाही, ओरडली नाही. तशी ती लहानपणापासूनच ओरडणारी नव्हती, आणि ओरडली असती तर बरं झालं असतं असं अभिनंदनला वाटलं. मग तिनं विचारलं, "काय सिद्ध केलं म्हणालास, तुमच्या त्या लाघवनं?"

"लूप संपल्यावर सगळं सुरुवातीसारखंच असतं. म्हणजे मधल्या कामानं काही झालं नाही."

"तीन वर्षं मी तेच केलं," ताई म्हणाली. "होती तशी ठेवली तिला. तेच तर काम होतं, अभि. दुसरं कुठलं काम होतं?"

त्याला मान वर करवेना. "मलाही तसंच वाटायचं," तो म्हणाला. "दर खेपेला जाताना. एवढं करून फरक काय पडला, असं."

"माहीत आहे मला. जाताना तू आईकडं बघायचास, मग माझ्याकडं बघायचास." ताईनं ताट उचललं. खिडकीबाहेर दिवस मावळला होता. ती आता उद्या सकाळपर्यंत जेवणार नव्हती.

आईला वळवायची वेळ झाली होती. "ऊठ," ताई म्हणाली.

अभिनंदननं आईच्या खांद्याखाली हात घातला. आजवर हे त्यानं कधी केलं नव्हतं. त्याचा हात लागताच आईनं डाव्या हातानं कठडा धरला, बोटं पांढरी पडेपर्यंत. ती दाराकडं बघत होती.

"आई, मी वळवतो ना," तो म्हणाला. पकड सुटली नाही.

"आई, मी आहे इथं," मागून ताई म्हणाली, आणि आईनं कठडा सोडला. "एक हात कमरेला लाव. ओढू नकोस, कातडी सोलते. लोट. आता पाठीशी उशी." आई भिंतीकडं तोंड करून वळली. पांढरी पट्टी त्याच्यासमोर आली. "आई, चुकलं माझं," तो त्या पाठीला म्हणाला.

सकाळी ताई निघाली. रात्री प्रत्येक वेळी तीच उठली होती आणि त्यालाही उठवलं होतं. मुख्याध्यापकांना भेटून, शाळा सोडते म्हणालेलं मागं घेऊन, थोड्या दिवसांची रजा मागून ती दुपारच्या आत परत येणार होती.

"मी इथंच राहतो आता," अभिनंदन म्हणाला. "सुट्टी टाकलीय. मी कमीत कमी..."

"आकडा सांगू नकोस," ताई म्हणाली, आणि चपला घालून गेली.

तो कॉटजवळ स्टूल घेऊन बसला. आई आता त्याच्याकडं तोंड करून होती, डोळे उघडे. डावा हात कठड्याशी होता. ती पाटली वाजवेल, मग आपण उठू, असं ठरवून तो कान देऊन बसला. वेळ गेला. आईच्या कपाळावर आठी पडली, ओठ आवळले गेले, एकदा डोळ्यांच्या कडेला पाणीही आलं. पाटली वाजली नाही.

मग त्याला उमगलं. पंधरवडाभर ती वाजवत होती, आणि दर वेळी तिला मोबाईल दाखवला गेला होता. आता ती वाजवणं सोडून ताईची वाट बघत होती.

अभिनंदन उठला. त्यानं बोटानं कठड्यावर दोनदा टकटक केलं, बंद दारावर करतात तसं. आईनं त्याच्याकडं पाहिलं. त्यानं एक हात तिच्या खांद्याखाली घातला, दुसरा कमरेला लावला. आईनं कठडा घट्ट धरला. ती सोडेपर्यंत, हात तसेच ठेवून, तो वाकून उभा राहिला.